पुढच्या सीटवरची बाई

चिकलठाणा ते दिल्ली, शनिवार

विमानातली सीट मागं कशी करायची, हे मला खिडकीजवळ बसलेल्या मुलीनं सांगितलं. तिनं चुकीचं काही सांगितलं नाही. हात ठेवायच्या दांडीला आतल्या अंगानं एक बटण असतं, ते दाबून धरायचं आणि पाठ मागं रेटायची. मी दाबलं, रेटलं, काहीच हललं नाही. मग दोन्ही पाय खाली रोवले, बटण पुन्हा दाबलं आणि सगळा जोर पाठीत आणला. सीट खाडकन मागं गेली.

त्याच क्षणी मागून एक माणूस ओरडला. ओरडला म्हणजे मोठ्यानं नाही, "या अल्ला" एवढंच, पण दात आवळून. पाठोपाठ एका बाईचा आवाज आला, तो मात्र सगळ्या विमानानं ऐकला असेल.

"अंधी है क्या गे? पीछे कोन बैठा है, देखना नई क्या?"

मी उठून वळले तेव्हा पहिल्यांदा मला त्यांचा हात दिसला. माझ्या सीटच्या पाठीला लावलेल्या फळीवर चहाचा कागदी पेला आडवा पडला होता, त्यातलं पाणी थेंबाथेंबानं खाली गळत होतं. हवाईसुंदरीनं ते उकळतं पाणी अर्ध्या मिनिटापूर्वीच ओतून दिलेलं. पांढऱ्या दाढीच्या, बारीक अंगाच्या एका गृहस्थांनी उजवा हात मनगटाशी धरून वर केला होता, आणि बोटांपासून घड्याळापर्यंतची कातडी माझ्यादेखत लाल होत चालली होती.

मी बत्तीस वर्षं सिल्लोड तालुक्यातल्या शाळांमध्ये मास्तरीण होते. आता हर्सूलला राहते. पोरांचे गुडघे फुटले, बोटं दारात सापडली, एकाला तर गांधीलमाशीचं मोहोळ लागलं, सगळं निभावलं. पण ते सगळं दुसऱ्या कुणामुळं झालेलं असायचं. इथं मी केलं होतं. 

"घड्याळ काढा त्यांचं," एवढंच मी म्हणाले.

हवाईसुंदरी पोरसवदा होती पण धीराची. तिनं घड्याळ उतरवलं, हाताखाली एक भांडं धरलं आणि पाण्याच्या बाटल्यांमागून बाटल्या हातावर ओतत राहिली. तेवढ्यात माझ्याकडं न बघताच हळू आवाजात म्हणाली, "आंटी, चहा-नाश्ता चालू असताना सीट सरळ ठेवायची असते. आणि एरवीही मागं करायच्या आधी एकदा वळून बघायचं. विचारलं तर फारच चांगलं."

मला हे ठाऊक नव्हतं. चढताना पट्टा कसा बांधायचा ते दाखवतात, दारं कुठं आहेत ते दाखवतात, हे कुणी दाखवत नाही. आपल्या लाल डब्यात सीट मागंपुढं होतच नाही, तिथं भांडण होतं ते खिडकीवरून. तरी तिथं आपण विचारतो. थंडीत खिडकी उघडायची तर मागच्याला म्हणतो, "वारं लागंल का हो तुमाला?" मग इथं मी का विचारलं नाही? माझ्या पाठीला कळ लागली होती, बटण हाताशी होतं, आणि मागं कुणी माणूस आहे हेच माझ्या डोक्यात आलं नाही.

"असू द्या ताई," ते गृहस्थ म्हणाले. "मुद्दाम थोडंच केलं तुमी."

 त्यांची बायको माझ्या सीटच्या पाठीकडं बघत होती. मी ती कधीच सरळ केली होती, तरी बघत होती.

उरलेला तासभर मी काठीसारखी ताठ बसून काढला. दिल्लीला उतरल्यावर त्यांना विमानतळावरच्या डॉक्टरकडं नेलं, तर मीही बॅग ओढत मागोमाग गेले. डॉक्टरांनी मलम लावलं, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. "फोड येतील, फोडू नका. आठ दिवस या हाताला पाणी लागता कामा नये," असं ते हिंदीतून म्हणाले.

तोवर त्या गृहस्थांचा चेहरा शांत होता. तो तिथं उतरला.

"पाणी नाय लावायचं?" त्यांनी बायकोकडं बघून मराठीतच विचारलं, जणू डॉक्टर तिथं नव्हतेच.

त्यांचं नाव रशीदभाई, बायकोचं रजियाबी. दोघं कागजीपुऱ्याचे, दौलताबादच्या पुढचे, पिढ्यानपिढ्या हातानं कागद बनवणारे. दिल्लीत एका मैदानावर हस्तकलेचं प्रदर्शन होतं, तिथं दहा दिवस लोकांसमोर कागद करून दाखवायला त्यांना बोलावलं होतं. मदतीला भाऊ येणार होता, त्याचं ऐनवेळी रहित झालं. कागद कसा होतो तर चिंध्यांचा लगदा पाण्यात कालवायचा आणि हौदात कोपरापर्यंत हात घालून तो चौकटीवर उचलायचा. सगळं काम पाण्यातलं. मंगळवारी चित्रकलेच्या एका कॉलेजचे लोक काम बघायला येणार होते. पसंत पडलं तर पावसाळ्यात दीड महिना विद्यार्थ्यांना शिकवायला बोलावणार होते.

हे सगळं त्यांनी मला दोन वाक्यांत सांगितलं, तक्रार म्हणून नाही. मी त्यांचा फोन नंबर मागितला. ते डाव्या हातानं फोन काढत होते, तोच रजियाबी म्हणाली, "नक्को देओ." त्यांनी तरी दिला.

मुलाच्या घरी, त्याच संध्याकाळी

माझा मुलगा महेश आणि सून प्रेरणा दिल्लीत राहतात. नवं घर घेतलं म्हणून मी आठ दिवस आले होते. हरभरा काढणीला आला होता, त्यामुळं आमचे हे घरीच थांबले. एकटीनं विमानात बसायची ही पहिलीच वेळ, म्हणून पोरानं मला विमानतळावर बघितल्या बघितल्या विचारलं, "कसा झाला प्रवास?" मी तिथंच रडले.

प्रेरणानं जेवायला मटार पुलाव आणि मुळ्याचे पराठे केले होते. वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. आपल्याकडं मुळा म्हणजे कोशिंबीर नाहीतर भाजी, हे लोक तो कणकेत घालून भाजतात, आणि लागतो फार चांगला. पण घास उतरत नव्हता.

"आई, यात तुझा दोष काय?" महेश म्हणाला. "सीट मागं जाते ती जावी म्हणूनच. तुझ्या तिकिटात ती जागा आहे."

"आणि मागच्याच्या तिकिटात त्याचे गुडघे नाहीत का?" प्रेरणानं विचारलं. "मी तर कधीच मागं करत नाही."

"म्हणजे सगळ्यांनी दोन तास ताठ बसायचं?"

"विचारायचं. नको म्हणाला तर ऐकायचं."

"आणि नको म्हणाला, पण माझी पाठ दुखत असेल तर?"

दोघं बराच वेळ वाद घालत राहिले. कामासाठी महिन्यातून दोनदा विमानात बसणारी ती पोरं, पण त्यांच्यातही एकमत नव्हतं. प्रेरणाचं मला पटत होतं. पण महेशच्या बाजूनं कौल पडावा असं आतून वाटत होतं, कारण तसं झालं असतं तर मी सुटले असते. मग डोळ्यांपुढं ती पट्टी आली. वाद कुणीही जिंको, मंगळवारी त्या माणसानं हौदात हात कसा घालायचा?

प्रदर्शन, रविवार

सकाळी धपाटे लाटले, तिळाची चटणी बरोबर आणलीच होती. महेश म्हणत होता, मी सोडतो. पण मला एकटीनंच जायचं होतं. मेट्रोत उलट्या बाजूच्या गाडीत बसले आणि पाच स्टेशनं पुढं जाऊन परत फिरले. दिल्लीची मेट्रो चकचकीत, पण कुणी कुणाशी बोलत नाही. आपल्याकडं गाडीत बाई घाबरलेली दिसली की चार जणी विचारतात, "कुठं उतरायचं?" इथं मी तीनदा उठून नकाशा वाचला तरी कुणी मान वर केली नाही. शेवटी एका सरदारजींनी आपणहून बोटानं दाखवलं आणि "बैठ जाओ जी" म्हणून स्वतःची जागा दिली. मग आधीचं वाटणं मागं घ्यावं लागलं.

मैदानावर धुकं होतं. मांडवांच्या रांगेत शेवटून दुसरा रशीदभाईंचा. पुढं पत्र्याचा हौद, त्यात पांढरट लगद्याचं पाणी, शेजारी लाकडी चौकट आणि तिच्यावर टाकायची गवताच्या बारीक काड्यांची चटई. मागं घरून आणलेल्या कागदांची चळत. रजियाबी एका कोपऱ्यात बसून गुळगुळीत दगडानं कागद घोटत होती. मला बघून तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला.

रशीदभाई डाव्या हातानं चौकट उचलायचा प्रयत्न करत होते. चौकट कलायची आणि लगदा एका कोपऱ्यात गोळा व्हायचा. पुढं उभे असलेले दोन-तीन लोक थोडं बघून निघून जात होते.

"मी करू का?" मी विचारलं. "तुम्ही सांगा, तसं करते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नसावं. मी बाह्या कोपरावर सारल्या आणि पाण्यात हात घातले. फेब्रुवारीतलं दिल्लीचं पाणी हाडात शिरतं. त्यांनी सांगितलं तशी चौकट उभी घातली, आडवी केली, उचलली. वर आलं ते घावन फसल्यासारखं, एकीकडं जाड आणि दुसरीकडं भोक.

"ताई, जोर नका लावू," रशीदभाई म्हणाले. "पाण्याला वाटू द्या, लगदा आपला आपण वर आला म्हणून."

जोर नका लावू. ते सहज म्हणाले होते, पण माझे कान तापले.

दुपारपर्यंत मी वीसेक कागद बिघडवले. प्रत्येक वेळी कोपऱ्यातून 'च्‌' असा आवाज यायचा. एकदा तर रजियाबी अर्धी उठली, आणि परत बसली. धपाटे रशीदभाईंनी खाल्ले, चटणीचं कौतुक केलं. तिनं स्वतःची भाकर पिशवीतून काढली, तिच्याबरोबरही तिळाचीच चटणी होती. माझ्या डब्याला ती शिवली नाही.

शेजारच्या मांडवातला मातीची खेळणी करणारा तिला विचारत होता, "ये आपकी रिश्तेदार हैं?"

"नई," ती म्हणाली. "वो अगली सीट वाली बाई."

मंगळवार

सोमवारी महेशनं मला दिल्ली दाखवली. काय बघितलं ते मला नीटसं आठवत नाही. एका उंच मिनाराखाली उभी राहून मी रशीदभाईंना फोन लावत होते आणि ते उचलत नव्हते. मिळून तीनदा लावला. नंतर कळलं, फोन उजव्या खिशात होता आणि पट्टीच्या हातानं तो निघत नव्हता.

मंगळवारी मी लवकर पोचले. फोडांतला एक रात्री आपोआप फुटला होता, पट्टी पिवळी दिसत होती. रशीदभाईंना बारीक ताप असावा. पण ते हौदाशी उभे होते आणि दातांनी पट्टीची गाठ सोडत होते.

"अहो, काय करताय?"

"कालेजवाले अकराला येतेत ताई. पंधरा-वीस कागद उचलायचे, मग बांधू परत."

"चिघळेल ते! डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"डाक्टरला कागद नाय उचलायचा."

मी त्यांचा हात धरला. परक्या माणसाचा हात धरायची ही काय रीत, पण धरला. म्हणाले, "मी त्यांना सांगते, चूक माझी आहे. पुढच्या आठवड्यात या म्हणते. पाया पडते त्यांच्या."

"ते येणार नायत ताई. अजून लई मांडव हायेत."

त्या वेळी मला इतकं असहाय वाटलं की तिथून पळून जावंसं वाटलं. खरं सांगते, महेशचा तिकिटातल्या जागेचा मुद्दाही मनात येऊन गेला. तेवढ्यात पट्टीचं टोक सुटलं आणि कोपऱ्यात दगड खाली ठेवल्याचा आवाज झाला.

रजियाबी उठली. तिनं पट्टीचं टोक त्यांच्या हातातून घेतलं, पुन्हा गुंडाळलं, गाठ मारली. मग पदर खोचला, बांगड्या कोपराकडं सारल्या आणि चौकट उचलली.

"तू?" रशीदभाई म्हणाले.

"हौ. मैं."

ती चौकट पाण्यात गेली तेव्हा आवाजच झाला नाही. आडवी झाली, वर आली, एकदा पुढं आणि एकदा डावीकडं हलली, पाणी काड्यांमधून झरलं, आणि चटईवर साईसारखा एकसारखा थर राहिला. तिनं तो फडक्यावर उलटा टाकला, चटई सोलून काढली आणि दुसऱ्यासाठी वाकली. तिसरा झाला, चौथा झाला. रशीदभाई बघत राहिले.

"याच्या आदी कवा केलंतं?" त्यांनी विचारलं.

"अब्बाके घरमें. भाई नई थे हमकू." तिनं मान वर केली नाही. "तुमने कभी पूछा नई."

सदतीस वर्षांचा संसार त्यांचा. त्यांच्या घरी हौदावर पुरुष असतात, वाळवणं आणि घोटणं बायकांकडं. कुणी तसं ठरवून दिलेलं नाही, पण तसं होतं. मी बादलीतला लगदा ढवळायचं काम घेतलं.

अकराला कॉलेजच्या एक बाई आल्या, केस आखूड आणि पांढरे, बरोबर एक तरुण शिक्षक. अर्धा तास उभ्या राहिल्या. बाईंनी ओल्या कागदाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ये कौन हैं?"

"मेरी बीवी," रशीदभाई म्हणाले, आणि का कोण जाणे, पट्टीचा हात पाठीमागं नेला.

शुक्रवार

शनिवारी माझं परतीचं विमान होतं, म्हणून शुक्रवारी निरोप घ्यायला गेले. धुकं नव्हतं, ऊन चांगलं पडलं होतं. रशीदभाईंचा ताप उतरला होता. पट्टी लहान झाली होती, बोटांवर नवी गुलाबी कातडी आली होती. डॉक्टर म्हणाले होते की हात पूर्ण बरा होईल, मनगटाशी डाग तेवढा राहील. मी त्या जागेकडं बघायचं टाळत होते.

मी पोचले तेव्हा कॉलेजचा तो तरुण शिक्षक मांडवात बसला होता. काम पसंत पडलं होतं. ऑगस्टपासून दीड महिना दिल्लीत राहून शिकवायचं, राहायची सोय कॉलेजची. त्याच्या हातात एक फॉर्म होता. अडचण एकच, एकाच कारागिराला बोलावता येत होतं.

"नाम किसका लिखूँ?" त्यानं विचारलं. "मैडम बोली हैं, आप दोनों तय करो."

"इनका," रजियाबी लगेच म्हणाली.

ऑगस्टपर्यंत हात धडधाकट झालेला असणार होता. चार पिढ्यांचं नाव त्यांचं, निमंत्रण त्यांच्या नावे आलेलं. आम्हा सगळ्यांना ते उघडच वाटत होतं.  रशीदभाई मात्र उठून मांडवाबाहेर गेले, नळापाशी जाऊन उभे राहिले, आमच्याकडं पाठ करून. शिक्षक घड्याळ बघायला लागला. रजियाबी भिजलेले हात तसेच पुढं धरून उभी होती.  हात भाजला तो भाजला, आता या दोघांमध्येही मी काहीतरी मोडून ठेवलं की काय?

बऱ्याच वेळानं ते आत आले. घरून आणलेल्या, स्वतः केलेल्या कागदांच्या चळतीतून त्यांनी एक काढला. दुसरा काढला तो तिनं मंगळवारी केलेल्या, आता वाळलेल्या कागदांतला. दोन्ही एकेक करून उन्हात धरले, आणि डोळे बारीक करून बघत राहिले, गाठ कुठं आहे, कुठं पातळ आहे. तिच्या कागदाकडं जास्त वेळ बघितलं. दोष सापडावा म्हणून बघत होते असं मला वाटलं, आणि कदाचित बघतही होते.

"इसमें गाठी कम हैं," ते शेवटी तिला म्हणाले. मग शिक्षकाकडं वळले. "उसका नाम लिखो. रजिया बेगम."

"मैं अकेली? डेढ महिना?" रजियाबी म्हणाली. "और तुम्हारी रोटी?"

"मला हात हायेत की," रशीदभाई म्हणाले. आम्ही तिघांनीही त्यांच्या हाताकडं बघितलं, आणि सगळ्यात आधी तेच हसले.

शिक्षकानं नाव लिहिलं आणि खाली सहीची जागा दाखवली. रजियाबीनं हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. पेन घेतलं. उजवीकडून डावीकडं, एकेक अक्षर जपून, उर्दूत नाव घातलं. लिहून झाल्यावर ती बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली. मग फॉर्म उचलून शिक्षकाला न देता तिनं माझ्यापुढं धरला. विमानात ओरडली त्यानंतर सहा दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"देखो तो, बराबर है क्या?"

"मला उर्दू वाचता येत नाही हो," मी म्हणाले.

"मेरेकू मालूम है. फिर भी देखो."

मी चष्मा लावला आणि बघितलं.